त्या होड्या कोणी बोलावल्या?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई २९ वर्षांच्या. तत्त्वज्ञानात एम. ए. केलं, सेट-नेट निघाली नाही, दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि मग मराठवाड्यातल्या एका शहरात 'नीट'च्या खासगी क्लासमध्ये ॲडमिशन काउन्सेलर म्हणून लागल्या. त्याला आता चार वर्षं झाली. महिन्याचं टार्गेट असतं, वर इन्सेंटिव्ह. त्या लिहितात, "कॉलेजात शिकलेला ॲरिस्टॉटल इथे कामाला आला. आधी समोरच्याचा विश्वास बसू द्यायचा, मग त्याच्या भावनेला हात घालायचा, मग हिशेब मांडायचा. माझ्या टेबलावरून फार थोडे पालक परत जातात. भिंतीवर यशस्वी मुलांचे फोटो लावलेत. त्यातल्या निम्म्यांनी आमच्याकडे फक्त शेवटची टेस्ट सिरीज दिली होती, पण हे कोणी विचारत नाही."

मागच्या जूनमध्ये एक शेतकरी मुलीला घेऊन आले. दोन वर्षांची फी १,६०,००० रुपये. "घरी विचार करून सांगतो" म्हणून ते उठले, तेव्हा ताई म्हणाल्या, "काका, मीही शेतकऱ्याचीच मुलगी आहे. जागा थोड्याच राहिल्यात. आणि पोरीचं एक वर्ष गेलं तर ते परत येत नाही." काका पुन्हा खुर्चीवर बसले. चार दिवसांनी बायकोची पोत मोडून, पाहुण्यांकडून हातउसने घेऊन त्यांनी सगळी फी एकरकमी भरली. तीन महिन्यांनी मुलगी गावी परतली. तिला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. क्लास म्हणतो, फी परत मिळणार नाही, फॉर्मवर तसं छापलंय.

"मिस्टर म्हणतात, तू खोटं कुठे बोललीस? साहेब म्हणतात, सही त्यांनी स्वतःच्या हाताने केली. मला झोप लागत नाही. पटवून देण्याची कलाच मुळात फसवी आहे का? प्लेटोने तर तसंच म्हटलंय. नोकरी सोडू का? घराचा हप्ता आहे. परवा माझा सहा वर्षांचा मुलगा जेवत नव्हता, तर मी त्याला म्हणाले, शेवटचाच लाडू राहिलाय, आता नाही घेतलास तर संपेल. डब्यात अकरा लाडू होते."

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात होतं. वरच्या सारांशात मी ते मुद्दाम घेतलं नाही. त्या दिवशी बॅचमध्ये चाळीसेक जागा रिकाम्या होत्या, असं ते वाक्य. आपण तिथूनच सुरुवात करू, कारण तुमची झोप उडवणारी गोष्ट त्या कंसात बसली आहे असं मला वाटतं.

म्हणजे "जागा थोड्याच राहिल्यात" हे खोटं होतं. मिस्टरांची तुमच्यावर माया आहे, म्हणून ते "खोटं कुठे बोललीस" म्हणतात. पण बोललात. हे टोचायला लिहीत नाही. यातून तुमचा मोठा प्रश्न सुटायला लागतो म्हणून लिहिते. पटवण्याची कलाच फसवी असती, तर त्या दिवशीची तुमची तिन्ही वाक्यं सारखीच फसवी ठरली असती. तशी ती नाहीत. एक खोटं आहे, दोन खरी आहेत. आणि त्या दोन खऱ्यांपैकी एक मला त्या खोट्याहूनही जड वाटतं. त्याच्याकडे येतेच.

आधी प्लेटो, कारण तुम्ही त्याचाच आधार घेतलात. मी पंचवीस वर्षं कॉलेजात हा विषय शिकवला आहे आणि प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादातला वैद्य आणि आचाऱ्याचा दाखला मुलींच्या वहीत दर वर्षी पाहिला आहे. गॉर्जियस हा सिसिलीतल्या लिओंटिनीचा. इ.स.पू. ४२७ मध्ये आपल्या गावासाठी मदत मागायला तो दूत म्हणून अथेन्सला आला आणि आपल्या बोलण्याने त्याने तिथल्या लोकांना वेड लावलं. संवादात सॉक्रेटिस त्याला सांगतो की तुझं वक्तृत्व ही खुशामत आहे, आणि ती चमचमीत रांधण्याच्या जातीची. लहान मुलांपुढे वैद्य आणि आचारी उभे करा, अंगाला काय चांगलं हे कोणाला कळतं ते मुलांना ठरवू द्या. वैद्य उपाशी मरेल. परीक्षेला एवढंच विचारतात, म्हणून एवढंच लक्षात राहतं.

पण त्याच संवादात थोडं आधी गॉर्जियस एक साधी घरगुती गोष्ट सांगतो. त्याचा भाऊ हेरोडिकस वैद्य होता. रोगी औषध घ्यायला तयार नसायचा, शस्त्र लावू द्यायला, डागू द्यायला तयार नसायचा. वैद्याने सांगून भागायचं नाही. मग गॉर्जियस जायचा, बोलायचा, आणि रोगी ऐकायचा. सॉक्रेटिस त्याला यावरच पकडतो: म्हणजे ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही तो, ज्यांना कळत नाही अशांसमोर, जाणत्यापेक्षा भारी ठरतो. पकड बरोबरच आहे. तरी मला त्या खोलीत आणखी एक माणूस दिसतो. हेरोडिकस तिथे उभा होता. औषध कोणतं, ते या रोग्याला चालेल का, हे ठरवणारा शेजारी होता, आणि गॉर्जियसचं बोलणं त्याच्या मागून चाललं होतं. अशा वेळी पटवून देणारा माणूस देवासारखा भेटतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घाबरलेल्या आईशी, गोळ्या बंद केलेल्या भावाशी कोणीतरी गोडीगुलाबीने बोलावंच लागतं. नुसता डॉक्टरचा कागद पुढे धरून भागत नाही.

तुमच्या टेबलाशी हेरोडिकस कोण होता? त्या मुलीला हा अभ्यास हवा आहे का, झेपेल का, हे त्या दिवशी कोणी पाहिलं? ती वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर गप्प बसून होती, असं तुम्हीच लिहिलंत. पुढे 'फीड्रस' या दुसऱ्या संवादात प्लेटो खऱ्या वक्तृत्वाकडून मागणी करतो ती हीच: विषयातलं खरं काय ते बोलणाऱ्याला ठाऊक हवं आणि ऐकणाऱ्याचं मन कसं आहे तेही. तुम्ही वडिलांचं मन बरोबर ओळखलंत. जिला दोन वर्षं घासायचं होतं तिला एकही प्रश्न विचारला गेला नाही. माझ्या मते चूक तिथे झाली, आणि ती कलेच्या माथी मारता येत नाही.

आता ॲरिस्टॉटल. इथे थोडा दोष आम्हा शिकवणाऱ्यांकडे येतो. वक्त्याचं चारित्र्य, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद, ही त्याची तीन साधनं आम्ही पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. 'ऱ्हेटरिक' या त्याच्या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो काय बजावतो ते राहून जातं. निवाडा करणाऱ्याला राग, मत्सर, दया यांत ओढून फिरवू नये, तो म्हणतो. ज्या पट्टीने मोजायचं तीच आधी वाकडी करण्यासारखं ते आहे.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तोच ॲरिस्टॉटल राग म्हणजे काय, भीती कशाने वाटते, दया कोणाची येते हे पानंच्या पानं सांगत बसतो. पुष्कळांना हा विरोध वाटतो. मला वाटत नाही. भीती खऱ्या धोक्याच्या मापाची असेल तर पट्टी सरळच राहते. अंगणात साप असेल तर "साप!" असं ओरडणारा कोणाला फसवत नाही. तुमचं तिसरं वाक्य घ्या: वर्ष गेलं तर परत येत नाही. खरं आहे. पण ते कधी बोललात? काका घरी जाऊन विचार करतो म्हणाले तेव्हा. ते वर्ष काही मागत नव्हते, एक रात्र मागत होते. बायकोशी बोलायला, कदाचित मुलीला रस्त्यात विचारायला. खऱ्या वाक्याने तुम्ही त्यांची ती रात्र काढून घेतलीत. पट्टी वाकली ती तिथे.

आणि ते जड वाक्य: "मीही शेतकऱ्याचीच मुलगी आहे." अक्षर न अक्षर खरं. वक्त्यावर विश्वास बसायला तीन गोष्टी लागतात, असं ॲरिस्टॉटल सांगतो: त्याला विषय कळतो, तो सज्जन आहे, आणि त्याला ऐकणाऱ्याचं भलं हवं आहे. त्या वाक्याने तुम्ही तिसरी गोष्ट कबूल केलीत. काकांनी ते असं ऐकलं की ही आपली आहे, आपल्या बाजूने बघेल. मनातल्या मनात त्यांनी तुमची खुर्ची उचलून टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवली. "जागा थोड्याच राहिल्यात" हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ते कदाचित म्हणाले असते, बघू, उरली तर उरली. तुमच्यावर विश्वास टाकला होता म्हणून बसले.

भिंतीवरच्या फोटोंबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंत. मला ती ओळ सोडवत नाही, कारण ती वाचताना मला रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याची एक गोष्ट आठवली.

इ.स.पू. ४४, सीझरचा खून होऊन काही महिने झालेले. सिसेरोला पुढे जेमतेम वर्षभराचं आयुष्य उरलं होतं. त्याचा मुलगा अथेन्सला शिकायला होता, त्याला उद्देशून त्याने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात ही गोष्ट आहे. कॅनियस नावाचा एक सुशिक्षित, गमत्या रोमन गृहस्थ विश्रांतीला सिसिलीतल्या सिराक्यूज शहरात गेला. मित्रांना बोलवायला, निवांत बसायला एखादी लहानशी बागायत विकत मिळाली तर बरं, असं तो लोकांना सांगू लागला. तिथला पेढीवाला पिथियस म्हणाला, माझी बाग विकायची नाही, पण आपलीच समजा, उद्या जेवायला या. मग त्याने कोळ्यांना बोलावून सांगितलं की उद्या माझ्या बागेसमोरच्या पाण्यात मासेमारी करा. दुसऱ्या दिवशी कॅनियस आला तर समोर होड्याच होड्या. एकेक कोळी येतोय आणि पकडलेले मासे पिथियसच्या पायाशी टाकतोय. "एवढे मासे? एवढ्या होड्या?" "नवल काय त्यात," पिथियस म्हणाला, "सिराक्यूजचा सगळा मासा इथेच असतो, कोळ्यांचं पाणीही इथलंच." कॅनियस विकत मागू लागला. पिथियस आधी नको-नको म्हणाला, मग राजी झाला. सांगेल त्या किमतीला, सामानसुमानासकट व्यवहार झाला, वहीत नोंद झाली. दुसऱ्या दिवशी कॅनियसने मित्रांना बोलावलं, स्वतः लवकर येऊन बसला. पाण्यावर एक वल्हं दिसेना. शेजाऱ्याला विचारलं, आज कोळ्यांचा सण आहे का हो? शेजारी म्हणाला, नाही, इथे मासे धरायला कोणी येतच नाही. काल काय झालं होतं याचंच मला नवल वाटत होतं.

मासे खरे होते, होड्या खऱ्या होत्या, कोळीही खरे. भिंतीवरची मुलंही खरी आहेत, त्यांचे गुणही खरे. खोटी असते ती मांडणी. सिसेरोचा मित्र अक्विलियस कायदेपंडित होता. कपट कशाला म्हणायचं असं विचारलं की तो सांगायचा: दाखवायचं एक आणि करायचं दुसरं. दोन हजार वर्षांत यात भर घालण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर त्याची संमती हवी, त्याने कोणता कोर्स केला आणि किती काळाचा हे सांगायला हवं, असं त्यांत आहे. तुमच्या भिंतीवरच्या निम्म्या फोटोंखाली 'फक्त टेस्ट सिरीज' एवढं लिहिलं की त्या होड्या आपोआप बाजूला होतात.

तुमचे साहेब म्हणतील, आम्ही कुठे सांगितलं की हे सगळे दोन वर्षांच्या कोर्सचे आहेत? आम्ही फक्त बोललो नाही. हा युक्तिवादही जुनाच. सिसेरोने त्याच भागात ऱ्होड्स बेटावरच्या दुष्काळाचा प्रसंग घेतला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचला आहे. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्यांना नाही. त्याने सांगावं की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? बॅबिलॉनचा डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूला जातो, आणि लपवणं कशाला म्हणायचं ते सांगून जातो: जे तुम्हाला ठाऊक आहे, जे कळण्यात समोरच्याचं हित आहे, ते त्याला कळू नये अशी इच्छा तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी धरलीत, की ते लपवणं झालं. जिभेने खोटं बोलावं लागत नाही. कळू नये असं वाटणं पुरतं.

राहिली सही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ च्या आपल्या नीतीवरच्या ग्रंथात म्हटलं की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. यातला 'केवळ' फार महत्त्वाचा. आपण सगळेच एकमेकांना साधन म्हणून वापरतो. काका तुम्हाला माहिती मिळवायला वापरत होते, तुम्ही त्यांना पगारासाठी. यात पाप नाही. पाप कुठे, ते त्याने परत न करण्याच्या इराद्याने कर्ज मागणाऱ्याचं उदाहरण घेऊन दाखवलं. पैसे देणारा या व्यवहाराला हो म्हणूच शकत नाही, कारण खरा व्यवहार त्याला माहीतच नाही. काकांनी सही केली ती भरत आलेल्या वर्गातल्या शेवटच्या काही जागांपैकी एकीवर, आणि भिंतीवरची मुलं याच वर्गातून घडली या समजुतीवर. चाळीस रिकाम्या जागा असलेल्या वर्गाला त्यांनी संमती दिलीच नव्हती. कागदावर अक्षर त्यांचं आहे. त्या अक्षरामागचा निर्णय तुमच्या टेबलाने बनवलेला होता.

त्याच ग्रंथात एक दुकानदार येतो. लहान मूल आलं तरी तो भाव वाढवत नाही. कांटचा प्रश्न असा की हे सचोटीपोटी की धंदा टिकावा म्हणून? वर्गात या प्रश्नाशी मी नेहमी अडायचे, कारण माझे वडील कापडाचे दुकानदार. आमच्या दुकानात ट्यूबलाइट होती, तिच्या उजेडात जांभळा रंग निळ्यासारखा दिसायचा. गिऱ्हाईक खण पसंत करून पैसे काढायला लागलं की वडील म्हणायचे, थांबा. मग स्वतः उठून तो कपडा घेऊन दारात जायचे, दोन्ही हातांनी उन्हात धरायचे आणि म्हणायचे, असा आहे बघा. बरीच माणसं तरीही घ्यायची. काही नाही घ्यायची. धंद्यासाठी करायचे की मनाला पटायचं म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते उत्तम विक्रेते होते एवढं नक्की. लग्नाच्या बस्त्याला कोणत्या सुनेला कोणता काठ शोभेल हे ते असं काही सांगायचे की अख्खं घर ऐकत बसायचं.

साहेबांचा आणखी एक मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलात: ते काका आपल्याकडे नाही तर समोरच्या क्लासला गेले असते. गेलेही असते. त्याने त्या दिवशी तुमच्या तोंडून जे निघालं त्याचं वजन रतीभरही कमी होत नाही.

मग नोकरी सोडायची का? लगेच सोडा असं मी म्हणणार नाही. हप्ता थकला की माणूस दुसऱ्या टेबलावर, कदाचित आणखी वाईट अटींवर बसतो. आणि तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलं आहे: राजीनामा दिला की हे धुऊन निघेल. काकांची पोत राजीनाम्याने परत येत नाही. पण "मी नाही तर दुसरी कोणी" म्हणत तिथेच पाय रोवून बसा, असंही म्हणवत नाही. त्याचं कारण तो लाडवांचा डबा.

ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र 'ऱ्हेटरिक'च्या शेजारी ठेवून वाचायला हवं, आम्ही ते वेगवेगळ्या पेपरला लावतो. तो म्हणतो, लायर हे वाद्य वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वाजवूनच वाईट वादकही होतो. न्यायाचंही तसंच. दिवसातून वीस वेळा "थोड्याच राहिल्यात" म्हणणाऱ्या तोंडाला घरी येऊन वेगळं वळण राहत नाही. मुलाला जेवू घालताना आईने थोडी थाप मारणं हा काही गुन्हा नव्हे, आपल्या सगळ्यांच्या आयांनी चिऊकाऊचे घास भरवले आहेत. तुम्ही दचकलात ते वाक्य ओळखीचं निघालं म्हणून. ते दचकणं शाबूत आहे तोवर पुष्कळ काही करता येतं.

उद्यापासून ते एक वाक्य बंद करा. बॅचमध्ये किती जागा आहेत ते कोणी विचारलं तर खरा आकडा सांगा. "घरी विचार करून सांगतो" असं कोणी म्हटलं तर म्हणा, "जरूर करा, आणि जाताना मुलीला एकदा विचारा, मी बाहेर जाते, तुम्ही दोघं बोला." खुर्चीवरून उठून खरंच बाहेर जा. परीक्षेला दर वर्षी वीस लाखांहून जास्त मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, हे आकडे फी सांगायच्या आधी सांगा. त्यानंतर तुमच्या क्लासमध्ये जे खरोखर चांगलं असेल ते जीव तोडून सांगा. शिक्षक चांगले असतील, शंका सोडवायला रात्री आठपर्यंत कोणी बसत असेल, तर ते रंगवून सांगायला काहीच हरकत नाही. तुमची कला तिथे लावा. खरी गोष्ट नीट सांगता न आल्यामुळे वाया जाते, हे मी कितीतरी हुशार शिक्षकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

टार्गेट घसरेल. दोन-तीन महिने किती घसरतं ते वहीत लिहून ठेवा, कारण आपण धरतो तितकं ते घसरतंच असं नाही, आणि साहेबांशी बोलताना हातात काहीतरी असलेलं बरं. त्यांच्याकडे बाकी तत्त्वज्ञान नका नेऊ. फोटोंखाली कोर्सचं नाव लिहू या, नाहीतर ग्राहक प्राधिकरणाची भानगड मागे लागेल, असं सांगा; ही भाषा त्यांना कळेल. त्यांनी ऐकलं तर नोकरी करण्याजोगी आहे. खोटा आकडाच सांगायचा असा हुकूम आला तर मात्र तिथे थांबू नका. त्या दिवसाची वाट न बघता अर्ज टाकायला आजपासून सुरुवात करा. समजावून सांगणाऱ्या माणसांची गरज दवाखान्यांना आहे, बँकांना आहे, शाळांना आहे.

हे पत्र वाचणाऱ्यांत विमा विकणारे असतील, फ्लॅट दाखवणारे असतील, संस्थेसाठी देणग्या मागणारेही असतील. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, तो त्यांनाही उपयोगी पडेल: मी हे असं का बोलले, हे समोरच्याला पुढच्या महिन्यात कळलं तर त्याच्या डोळ्याला डोळा देता येईल का? आणि जे टेबलाच्या पलीकडे बसतात त्यांच्यासाठी एवढंच, की फोटोतल्या मुलाने इथे कोणता कोर्स केला आणि किती महिने, हे विचारा. जागा संपत आल्यात असं कानावर आलं की उठा आणि घरी जा. जागा खरंच संपल्या तर दुसरा क्लास मिळतो. मोडलेली पोत सहसा पुन्हा घडत नाही.

शेवटी काका. त्यांच्यापासूनच सुरुवात करायची आहे, नोकरीचं त्यानंतर. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मधेच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी हिशेबाने दहा दिवसांत परत करावी, असं त्यांत लिहिलं आहे. त्या राबवायच्या राज्यांनी, त्यामुळे नुसत्या बोट दाखवण्याने पैसे मिळतील असं नाही. पण लेखी अर्जात त्यांचा उल्लेख करता येतो. चोवीस महिन्यांतले तीन गेले, एकवीस उरले. १,६०,००० मधले १,४०,००० रुपये होतात. क्लासने नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. हा अर्ज लिहायला तुम्ही काकांना मदत करू शकता. ऑफिसचे कागद बाहेर काढायची गरज नाही. त्यांची पावती त्यांच्याकडे आहे, फॉर्मची प्रत त्यांच्याकडे आहे. आधी साहेबांना सांगून बघा की मी मध्यस्थी करते, निम्म्यावर तरी मिटवू. नाही म्हणाले तरी काकांना त्यांचा हक्क सांगायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. यात नोकरीला धोका आहे, तो मी लपवत नाही. पण माझा सल्ला विचाराल तर हा धोका घ्या.

फोन संध्याकाळी सात-साडेसातला करा, शेतातून आल्यावर. सुरुवातीला त्यांची तब्येत, पाऊसपाणी काही विचारू नका; ते तुम्हाला फार छान जमतं, म्हणूनच नको. सरळ सांगा: "काका, त्या दिवशी जागा थोड्या राहिल्यात असं मी म्हणाले होते. तसं नव्हतं. पुष्कळ जागा रिकाम्या होत्या." मग थांबा. ते रागावतील, कदाचित काहीच बोलणार नाहीत. मधे बोलू नका, समजूत घालू नका. आणि वही-पेन जवळ घेऊन बसा. पावतीवरची तारीख आणि नंबर तुम्हाला लिहून घ्यायचा आहे.